बुरुंडीची तिसरी टर्म आणि आरुशाचा करार

सरोवरकाठ (धागाकर्ता)

मार्च २०१४. बुरुंडीच्या संसदेत घटनादुरुस्तीचं विधेयक मतदानाला आलं. मंजुरीसाठी १०६ पैकी ८५ मतं हवी होती, मिळाली ८४. एका मताने विधेयक पडलं आणि राष्ट्राध्यक्ष पिएर एनकुरुन्झिझा यांचा तिसऱ्या टर्मकडे जाणारा संसदेतला रस्ता बंद झाला. पुढच्याच वर्षी ते तिसऱ्यांदा उभे राहिले, ६९ टक्के मतं घेऊन निवडून आले, आणि त्या पाच वर्षांत बुरुंडीचे चार लाखांहून जास्त लोक टांझानिया, रवांडा, युगांडा आणि काँगोत निर्वासित झाले.

आफ्रिकेतल्या अशा प्रकरणांवर आपल्याकडे बोलणं निघालं की 'सत्तेची हाव' या दोन शब्दांत विषय आटोपतो. हाव होतीच, पण ती जगभर असते. मला वाटतं मुद्दा वेगळा आहे. ज्या देशात आत्ता आत्तापर्यंत माणसं एकमेकांना मारत होती, तिथे 'दोनच टर्म' ही अट युद्धबंदीचा भाग असते. ती मोडली की बंदुका खाली ठेवण्यामागचं कारणच जातं. बुरुंडीत हे फार उघडपणे दिसलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बुरुंडीत हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य, पण १९६२ साली बेल्जियमपासून स्वातंत्र्य मिळाल्यानंतर सैन्य आणि सत्ता दीर्घकाळ तुत्सी अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. १९७२ मध्ये शिकलेल्या हुतूंना वेचून मारण्यात आलं. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, कोणी सुटलं नाही. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. १९९३ साली पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली आणि मेल्शियोर एन्दादाये हे पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष निवडून आले. पदावर येऊन जेमतेम तीन महिने झाले असतील, २१ ऑक्टोबरला सैनिकांनी त्यांना ठार केलं. घटनेप्रमाणे ज्यांनी त्यांची जागा घ्यायची, त्या संसदेच्या सभापतींनाही मारलं. खेड्यापाड्यांत तुत्सींवर सूड उगवला गेला, सैन्याने हुतूंवर उगवला, आणि त्यातून सुरू झालेल्या यादवीत सुमारे तीन लाख माणसं गेली.

ही आग विझवायला टांझानियातल्या आरुशा शहरात वाटाघाटी बसल्या. आधी ज्युलियस न्येरेरे मध्यस्थ होते. १९९९ मध्ये ते वारले आणि नेल्सन मंडेलांनी काम हाती घेतलं. २८ ऑगस्ट २००० रोजी करारावर सह्या झाल्या. या कराराची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. हुतूंना भीती होती की निवडणूक जिंकली तरी सैन्य आपल्याला मारेल. तुत्सींना भीती होती की एकदा हुतू पक्ष सत्तेत आला की संख्येच्या जोरावर तो कायमचा बसेल. म्हणून सैन्यात एका समाजाचे लोक निम्म्याहून जास्त नसावेत असं ठरलं. पुढे २००५ च्या घटनेत संसदेच्या जागा ६० टक्के हुतू आणि ४० टक्के तुत्सी अशा वाटल्या गेल्या, सिनेटमध्ये निम्मे-निम्मे. आणि करारात स्पष्ट लिहिलं गेलं की पाच वर्षांची टर्म एकदाच वाढवता येईल, दोनपेक्षा जास्त टर्म कोणालाही मिळणार नाहीत.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. सैन्यातला कोटा आजच्या भीतीवर उपाय होता, टर्मची मर्यादा उद्याच्या.

एनकुरुन्झिझा विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवायचे. १९९५ मध्ये ते जंगलात गेले, बंडखोर झाले, त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षाही झाली होती. २००५ मध्ये त्यांचा पक्ष, सीएनडीडी-एफडीडी, निवडणूक जिंकून सत्तेत आला. सुरुवातीची वर्षं वाईट नव्हती हे सांगितलं पाहिजे. प्राथमिक शाळेची फी माफ झाली, बाळंतपण आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे उपचार मोफत झाले. गावातल्या लोकांना हा आपल्यातला माणूस वाटायचा.

मग पळवाट. युद्धानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून २००५ मध्ये त्यांना, घटनेतल्या खास अपवादाने, संसदेने निवडलं होतं. कलम ९६ म्हणतं की राष्ट्राध्यक्ष 'थेट सार्वत्रिक मतदानाने' पाच वर्षांसाठी निवडला जाईल आणि हे एकदा पुन्हा होऊ शकेल. त्यांच्या वकिलांचा दावा असा की पहिली टर्म थेट मतदानाची नव्हतीच, म्हणून ती मोजायची नाही. २५ एप्रिल २०१५ ला पक्षाने उमेदवारी जाहीर केली. दुसऱ्या दिवसापासून बुजुम्बुरा शहरातल्या मुसागा, न्याकाबिगा, सिबितोके या वस्त्या रस्त्यावर उतरल्या.

प्रकरण घटना न्यायालयात गेलं. न्यायालयाचे उपाध्यक्ष सिल्व्हेर निम्पागारित्से सही न करताच रवांडात पळाले आणि न्यायाधीशांवर धमक्यांचा दबाव असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. उरलेल्यांनी उमेदवारी वैध ठरवली. १३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष दार-एस-सलामला गेलेले असताना जनरल गोदफ्रुआ नियोम्बारे यांनी बंड केलं. दोन दिवसांत ते फसलं. त्या धामधुमीत खासगी रेडिओ केंद्रांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. ज्या देशात बातमी म्हणजे रेडिओ, तिथे रेडिओ गेला की काय उरतं याचा विचार करा.

नियोम्बारे कोण होते? एनकुरुन्झिझांचेच जुने युद्धसोबती, हुतू, त्यांच्याच पक्षातून वर आलेले. काही महिने आधीपर्यंत गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. तिसरी टर्म नको असा सल्ला त्यांनी दिला आणि फेब्रुवारीत त्यांना पदावरून काढलं. म्हणजे फूट पडली ती सत्ताधारी पक्षाच्या आतच. दुसरे उपराष्ट्राध्यक्ष आणि संसदेचे सभापतीही देश सोडून गेले. हे सगळं 'हुतू विरुद्ध तुत्सी' या चौकटीत बसवू नका, एवढी विनंती.

---

आडवाट

उत्तम लेख. एक प्रश्न मनापासून विचारतो. आपल्याकडे पंतप्रधानपदाला अशी कुठलीच मर्यादा नाही. जर्मनीत अँगेला मर्केल सोळा वर्षं होत्या. लोक मत देत असतील तर तिसरी, चौथी टर्म का नको? मर्यादा घालणं हेही लोकांच्या निवडीवर बंधनच झालं ना?

---

सरोवरकाठ

प्रश्न रास्त आहे. पंतप्रधान रोज सभागृहाच्या विश्वासावर उभा असतो. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं आणि त्याच संध्याकाळी राजीनामा गेला. बुरुंडीतही संसदेत एकाच मताने निर्णय झाला होता, पण थेट निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला त्या हरण्याने काहीच झालं नाही. सैन्याचा प्रमुख तोच, गुप्तचर खातं त्याचंच, निवडणूक आयोगही त्याच्याच प्रभावाखाली. पाच वर्षं त्याला हलवायची सोय नसते, म्हणून शेवट आधीच ठरवून ठेवावा लागतो.

आणि 'लोक मत देत असतील तर' हा 'जर' तिथे फार मोठा आहे. जुलै २०१५ च्या मतदानावर प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकला होता. विरोधी नेते आगाथों र्वासा यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं होतं, त्यांनी प्रचार केला नाही, तरी १९ टक्क्यांच्या आसपास मतं त्यांना दाखवली गेली.

---

कंपालाकर

मी युगांडात नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून इथली बाजू मांडतो. राष्ट्राध्यक्ष मुसेव्हेनी जानेवारी १९८६ मध्ये बंड जिंकून आले. आफ्रिकेचा मूळ प्रश्न म्हणजे खुर्ची न सोडणारे नेते, असं तेव्हा ते स्वतः म्हणायचे. २००५ मध्ये बहुपक्षीय पद्धत परत आणतानाच टर्मची मर्यादा घटनेतून काढली. मग ७५ वर्षांची वयोमर्यादा आडवी आली, तीही डिसेंबर २०१७ मध्ये काढली. त्याआधी सप्टेंबरात संसदेत खासदारांमध्ये हाणामारी झाली होती, खुर्च्या उडाल्या होत्या.

पण सरोवरकाठ, तुम्ही एक गोष्ट सोडली असं मला वाटतं. इथले साठी ओलांडलेले लोक, विशेषतः लुवेरो भागातले, मुसेव्हेनींवर टीका करतात आणि पुढच्याच वाक्यात म्हणतात की निदान रात्री झोप लागते. अमीन आणि ओबोटे या आधीच्या राज्यकर्त्यांच्या काळात त्यांनी घरातली माणसं गमावली आहेत. 'बदल' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मतपेटी येत नाही, ट्रकमधून उतरणारे सैनिक येतात. तरुणांना यातलं काही आठवत नाही, त्यांना नोकऱ्या हव्यात. दोन्ही बाजू एकाच घरात जेवायला बसतात. शांतता जाईल या भीतीपोटी माणसं हुकूमशहा सहन करतात, आणि त्यांना मूर्ख म्हणणं मला जमत नाही.

---

सरोवरकाठ

कंपालाकर, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या भीतीचा मला पूर्ण आदर आहे. रवांडाबद्दलही हेच बोललं जातं. १९९४ च्या संहारानंतर देश उभा राहिला, रस्ते, आरोग्यविमा, स्वच्छता यांत प्रगती झाली, हे कोणी नाकारत नाही. डिसेंबर २०१५ च्या सार्वमतात ९८ टक्के लोकांनी राष्ट्राध्यक्ष कागामेंना पुढे राहू देणारी घटनादुरुस्ती मान्य केली. २०१७ मध्ये त्यांना जवळपास ९९ टक्के मतं पडली, २०२४ मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त.

माझी काळजी अशी की ही शांतता एका माणसाच्या प्रकृतीला बांधलेली आहे. ज्याला उतरायचा रस्ता माहीत नाही तो उतरताना काय करेल, आणि त्याच्यानंतर कोण, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. विरोधकालाही माहीत असतं की वाट पाहून काही मिळणार नाही. बंदूक उचलणाऱ्याचा युक्तिवाद तिथेच तयार होतो. युगांडात आज जे लोक शांत झोपतात त्यांच्याच नातवंडांवर त्याचा भार पडेल असं मला वाटतं.

---

अबोली_फोंडा

लायबेरियाचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहिते. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २००७ पासून २०१६ पर्यंत भारतीय महिला पोलिसांची संपूर्ण तुकडी होती, जगातली अशी पहिली. मनरोव्हियात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. ज्या बाईंच्या कार्यालयाबाहेर त्या उभ्या असायच्या त्या एलन जॉन्सन सरलीफ. चौदा वर्षं अधूनमधून पेटत राहिलेल्या दोन यादवींनंतर त्या निवडून आल्या, सहा-सहा वर्षांच्या दोन टर्म केल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये जॉर्ज वेआ यांच्या हाती सत्ता देऊन घरी गेल्या. १९४४ नंतर तिथे एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याच्या हाती शांतपणे सत्ता देण्याची ती पहिली वेळ.

२०२३ मध्ये वेआ अगदी थोडक्यात हरले. दुसऱ्या फेरीत फरक दीड टक्क्यापेक्षाही कमी होता. अधिकृत निकालाची वाट न पाहता त्यांनी रेडिओवर पराभव मान्य केला. हे मी मुद्दाम सांगते, कारण सरलीफ उतरल्या नसत्या तर वेआंना उतरण्याची सवयच कुठून लागली असती?

शेजारच्या सिएरा लिओनमध्येही युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष कब्बा दोन टर्मनंतर गेले, नंतर कोरोमा गेले. तिथल्या निवडणुका स्वच्छ असतात असं मी म्हणत नाही. पण हे गरीब देश आहेत, युद्धाने मोडलेले आहेत, आणि तरी जमलं. 'तिथे लोकशाही चालतच नाही' असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

---

मिरगाचा_पाऊस

अबोली, +१. सरलीफबाईंना २०११ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला होता, लिमा ग्बोवी आणि तवक्कुल करमान यांच्याबरोबर.

---

दर्याकिनारी

मी आयव्हरी कोस्टमधून काजूच्या व्यापारात आहे, कच्चा माल तिकडूनच येतो, त्यामुळे तिकडच्या राजकारणावर लक्ष ठेवावं लागतं. तिथले राष्ट्राध्यक्ष अलासान ऊआतारा यांची गोष्ट वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं. हे तेच गृहस्थ ज्यांना 'तुम्ही खरे आयव्हरियन नाही' म्हणून निवडणुकीतून बाद केलं जायचं. उत्तरेतल्या लोकांवरचा तोच अन्याय २००२ च्या बंडामागे होता. २०१० च्या निवडणुकीत ते जिंकले, आधीचे राष्ट्राध्यक्ष बाग्बो उठेनात, आणि त्या चार-पाच महिन्यांत तीन हजारांच्या आसपास लोक मेले. म्हणजे खुर्ची न सोडणाऱ्या माणसामुळे काय होतं ते ऊआतारांहून जास्त कोणाला ठाऊक?

मार्च २०२० मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. जुलैत त्यांनी निवडलेले उत्तराधिकारी, पंतप्रधान गों कुलिबाली, अचानक वारले. ऑगस्टमध्ये हे पुन्हा उभे. कारण काय, तर २०१६ मध्ये नवी घटना आली म्हणून जुन्या टर्म मोजायच्या नाहीत. विरोधकांनी बहिष्कार टाकला, ९४ टक्के मतं पडली, हिंसाचारात ऐंशीहून जास्त माणसं गेली. २०२५ मध्ये चौथी टर्मही मिळाली. शहरांत पूल झाले, वीज आली, आमचा माल बंदरातून वेळेवर निघतो. हे सगळं खरं आहे आणि तरी मला ते पटलेलं नाही.

शेजारी गिनीत राष्ट्राध्यक्ष आल्फा कोंडे यांनी त्याच वर्षी हीच युक्ती केली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्याच खास दलाच्या प्रमुखाने, दुंबुया यांनी, त्यांना उचललं. रस्त्यावर लोक नाचले.

---

आडवाट

दर्याकिनारी यांनी लिहिलेली युक्ती, म्हणजे नवी घटना आणून मोजणी शून्यावर आणणं, ही तर बुरुंडीतल्या पळवाटेची सख्खी बहीणच झाली. माझा आधीचा प्रश्न बराचसा सुटला. पण मग सांगा, बाहेरचे काय करत होते? आफ्रिकन युनियन आहे, पूर्व आफ्रिकी समुदाय आहे. नुसते ठरावच का? आणि एक कायद्याचा मुद्दा: आरुशा करारावर सीएनडीडी-एफडीडीने २००० मध्ये सही केलीच नव्हती असं वाचलंय. मग तो त्यांना बंधनकारक कसा?

---

सरोवरकाठ

सहीचा मुद्दा बरोबर आहे. २००० मध्ये ते लढत होते. पण नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी युद्धबंदीचा करार केला तो आरुशाच्या चौकटीतच. त्यांच्या लढवय्यांना सैन्यात जागा मिळाली, नेत्यांना मंत्रिपदं मिळाली, ती आरुशाच्या हिशोबानेच. २००५ ची घटना त्यावरच बेतलेली आहे. करारातलं हवं ते घेऊन दहा वर्षांनी 'आमची सही कुठे होती' म्हणणं मला नीतीलाही धरून वाटत नाही आणि कायद्यालाही. गंमत वाटणार नाही अशी एक गोष्ट: २०१५ च्या निकालपत्रात घटना न्यायालयाने आरुशा हा घटनेचा पाया असल्याचं मान्य केलं, आणि तरीही कलमाची भाषा संदिग्ध आहे असं म्हणून उमेदवारी मोकळी सोडली.

बाहेरच्यांबद्दल. आफ्रिकन युनियनची २००७ ची लोकशाहीविषयक सनद आहे. सत्ताबदलाच्या तत्त्वाला धक्का देणारी घटनादुरुस्ती ही बेकायदा सत्तांतरात मोडते, असं तिच्या तेविसाव्या कलमात आहे. पण त्या सभागृहात बसतात कोण? मे २०१५ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांनी सगळ्या प्रदेशासाठी दोन टर्मचा नियम आणायची चर्चा केली, टोगो आणि गांबिया आडवे आले आणि विषय मागे पडला. बुरुंडीबाबत आफ्रिकन युनियन एकदा खरंच पुढे सरसावली होती. डिसेंबर २०१५ मध्ये बुजुम्बुरात लष्करी तळांवर हल्ले झाले, नंतर वस्त्यांमध्ये घराघरांतून तरुणांना ओढून मारलं गेलं. सैन्याच्या स्वतःच्या आकड्यानुसार ८७ मेले. त्यानंतर पाच हजार जवानांचं दल पाठवायचा निर्णय झाला. एनकुरुन्झिझांनी त्याला आक्रमण समजू असं बजावलं, आणि जानेवारी २०१६ च्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी तो निर्णय गुंडाळला. ज्या शरणार्थी छावण्या तेव्हा भरत होत्या, तिथल्या माणसांना हा निर्णय कसा वाटला असेल याचा मी अनेकदा विचार करतो.

तरीही एक गोष्ट आरुशाच्या बाजूने नोंदवायला हवी. २०१५ मध्ये बुरुंडी पुन्हा १९९३ सारखा पेटेल अशी सगळ्यांना धास्ती होती. तसं झालं नाही. आंदोलनाच्या सुरुवातीच्या दिवसांत अनेक ठिकाणी सैनिक पोलीस आणि निदर्शकांच्या मध्ये उभे राहिले. दोन्ही समाजांचं मिश्र सैन्य हे आरुशाचंच देणं. मर्यादा मोडली, पण कोट्याने काही काळ तरी देशाला धरून ठेवलं.

---

अबोली_फोंडा

पुढे काय झालं तेही लिहा ना. ते २०२० मध्ये वारले एवढंच मला आठवतंय.

---

सरोवरकाठ

मे २०१८ मध्ये सार्वमत घेऊन टर्म सात वर्षांची केली. त्या हिशोबाने ते २०३४ पर्यंत राहू शकले असते. पण महिन्याभरातच त्यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये पक्षाचे सरचिटणीस एव्हारिस्त एन्दायिशिमिये निवडून आले, आणि पदग्रहणाआधीच, ८ जून २०२० रोजी, एनकुरुन्झिझा वारले. सरकारने हृदयविकाराचा झटका सांगितला. वय ५५.

न्यायालयाचा धागा मात्र सुटला नव्हता. नागरी संघटनांनी २०१५ मध्येच आरुशातल्या पूर्व आफ्रिकी न्यायालयात दावा लावला होता. खाली तो फेटाळला गेला, अपील झालं, पुन्हा खाली, पुन्हा वर. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी अपील पीठाने निकाल दिला की तिसऱ्या टर्मला मोकळीक देणारा २०१५ चा निर्णय बुरुंडीची घटना आणि आरुशा करार या दोन्हींचं उल्लंघन होता. तोवर ज्यांच्याबद्दल दावा होता ते जाऊन जवळपास दीड वर्ष उलटलं होतं. या निकालाने कोणी घरी परतलं नाही. पण ज्या शहरात करार झाला त्याच शहरातल्या न्यायालयाने, नावानिशी आणि कलमानिशी, लिहून ठेवलं.

---

कंपालाकर

हाच निकाल काँगोतल्या वकिलांनी नीट वाचायला हवा. काँगो २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायात आला आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांची मुदत डिसेंबर २०१६ मध्ये संपली आणि निवडणूक झाली डिसेंबर २०१८ मध्ये. मधली दोन वर्षं कॅथलिक बिशपांनी मध्यस्थी केली, चर्चमधून निघालेल्या मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तरी कबिलांना तिसऱ्यांदा उभं राहता आलं नाही, कारण तिथल्या घटनेचं कलम २२० टर्मची संख्या आणि लांबी बदलायलाच मनाई करतं. त्यांच्यानंतर आलेले चिसेकेदी यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये किसांगानीत नवी घटना लिहायची गरज बोलून दाखवली. तीन महिन्यांनी एम२३ बंडखोरांनी पूर्वेकडचं गोमा शहर घेतलं. तिथे भारतीय शांतिसैनिकांच्या कित्येक तुकड्या वर्षानुवर्षं राहिल्या आहेत.

चिसेकेदींची दुसरी टर्म २०२८ मध्ये संपते. त्यांच्या वडिलांनी, एतिएन चिसेकेदींनी, अनेक दशकं हुकूमशहा मोबुतू आणि मग कबिलांविरुद्ध याच प्रश्नावर लढा दिला होता. सरोवरकाठ, काँगोवर वेगळा धागा काढाल का? कलम २२० वर माझ्याकडे लिहिण्यासारखं बरंच आहे.